जावेच्या वहीतला व्यायाम

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व कुठं नि दीर्घ कुठं हे कधी नीट कळलंच नाही. ओळ लिहायला घेतली की उजवीकडं खाली घसरत जाते. ही वही चुकून कुणी उघडली तर तेवढं माफ करावं. तशी ही वही लिहिण्यासाठी घेतलेली नाही, व्यायामासाठी घेतली आहे. पुढच्या बाजूनं व्यायाम, तारीख, वजन आणि किती वेळा उचललं असंच सगळं आहे. मागची पानं कोरी होती. माझ्याच्यानं चारचौघांत बोलणं होत नाही, म्हणून जे बोलायचं राहिलं ते मागून लिहिते आहे.

गारखेड्यात कॉलेजच्या पोरांची एक मेस आहे. तिथं नऊ वर्षं मी भट्टी सांभाळली. मागच्या वर्षी उन्हाळ्यात माझी गर्भपिशवी काढली. ऑपरेशननंतर कामावर गेले, तर वरणाचं पातेलं भट्टीवरून उतरवताना डोळ्यांपुढं अंधारी आली. मालकीणबाईंनी मला भाजी चिरायला आणि पोळ्या लाटायला बसवलं. महिन्याचे दोन हजार कमी झाले. त्या बाई वाईट नाहीत. त्यांनी तोंडावर सांगितलं.

"पोरं तुझ्या हातचं वरण मागतेत गं. पण वीस-बावीस किलोचं पातेलं रोज माझ्या कमरेवर किती दिवस? दिवाळीपस्तोर बघते. तुला उतरवता आलं तर भट्टी तुझी. नाय तर आचारी ठेवते."

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, आता सगळं भरून आलंय, वजन उचलायला हरकत नाही, पण कुणाकडून तरी शिकून, हळूहळू.

हे सगळं घरी बोलताना माझी धाकटी जाऊ ऐकत होती. आम्ही मुकुंदवाडीत एकाच घरात राहतो, खाली आम्ही, वर ती. ती बारावी शिकलेली. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसते, स्वतःची स्कूटी आहे. ती म्हणाली, "ताई, मी जिममध्ये नाव घालतेय. सकाळी सहाला फक्त बायकांची बॅच असते. चला माझ्यासंगं."

फी एकीला तीन महिन्यांचे चोवीसशे. माझ्याकडं नव्हते. तिनं दुसऱ्या दिवशी दोघींचे भरून टाकले आणि पावती फ्रीजवर ठेवली. सणासुदीला ती वाकून माझ्या पाया पडते. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्या हातात पहिल्या बांगड्या मी भरल्या. आणि आता मोठ्या जावेची फी धाकटीनं भरली. ती एका शब्दानं काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं.

श्रावणात सुरुवात केली. एका हार्डवेअरच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ती जिम. शिकवणारी मॅडम पंचविशीची पोरगी, स्वतः वजन उचलायच्या स्पर्धा खेळलेली. तिनं पहिल्या दिवशी जावेला 'ताई' म्हटलं आणि मला 'मावशी'. आमच्यात चार वर्षांचं अंतर आहे. चारच.

मॅडमनी प्रत्येकीला विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? म्हणे सगळ्यांना एकच व्यायाम देऊन चालत नाही, आधी काय पाहिजे ते ठरवायचं, मग व्यायाम निवडायचा. जाऊ धडाधड बोलली, "ताकद पण पायजे अन् दंड पण दिसले पायजेत. तुळशीच्या लग्नानंतर भावाचं लग्न आहे, मला बिनबाह्यांचं ब्लाऊज घालायचंय." सगळ्या हसल्या. माझी पाळी आली. मी आपली ओढणीचं टोक पिळत राहिले. मग जाऊच म्हणाली, "आमच्या ताईंना पातेलं उचलायचंय." सगळ्या पुन्हा हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पातेलं केवढं, भट्टी किती उंच, दिवसातून किती वेळा, सगळं विचारलं. त्याचीही उत्तरं जावेनंच दिली. तिनं आमच्या मेसमध्ये पाय ठेवलेला नाही, तरी.

मग दोघींच्या वहीत व्यायाम लिहून दिले. जावेला आठवड्यातून चार दिवस, लांब दांडी, दोन्हीकडं चकत्या, पाचसहा तऱ्हांचे प्रकार. मला दोनच दिवस. बाकावरून उठायचं-बसायचं, हातात डंबेल धरून चालायचं, वाकून एका हातानं वजन कमरेशी ओढायचं, आणि गुडघ्याएवढ्या फळीवरून वजन उचलून पुन्हा ठेवायचं. सहा किलोचं.

फी सारखीच भरली होती. मग तिला चार दिवस आणि मला दोन का? ती पैशेवाली म्हणून? तरणी म्हणून? हे तिथल्या तिथं विचारलं असतं तर पुढचं काही घडलंच नसतं. पण मी कधी काही विचारलंच नाही. बाकीच्या विचारायच्या आणि मी आरशाकडं तोंड करून ऐकायचे.

शिलाईकाम करणारी एक आपा यायची, ती तर दर दोन मिनिटांनी विचारायची. "मॅडम, हाथां मरदां के सरीके तो नई होते ना? मियां के कपडे मैं सीती, मेरे कौन सीयेंगा?"

मॅडम म्हणाल्या, "आपा, मला सहा वर्षं झाली वजन उचलून, तरी माझा भाऊ मला काडीपैलवान म्हणतो. तुम्ही बिनघोर उचला."

"हौ, फिर दो किलो और देओ."

जाऊही विचारायची. मशीन चांगलं का सुटं वजन? मॅडम म्हणायच्या, जे पुढच्या महिन्यातही करत राहाल ते चांगलं. वजन वाढवायचं कधी? बारा वेळा नीट झालं, आणि एकदा नाही, दोन वेगळ्या दिवशी झालं, की वाढवायचं, तेही मिठासारखं चिमटीनं. जास्त झालंय हे ओळखायचं कसं? "शेवटच्या दोन वेळा तोंड वाकडं झालं तर होऊ द्या. पाठ वाकडी झाली की खाली ठेवा."

मला सगळं पाठ व्हायचं. पण उत्तर पाठ होऊन काय उपयोग, ते मला उद्देशून दिलेलंच नसायचं.

आम्ही दोघी एकदम जायचो ते माझे दोन दिवस. तिच्या स्कूटीवर मी मागं. पोचल्यावर ती केस वर बांधायची, दांडीला चकत्या लावायची. मी बाकावर उठबस करता करता तिचं मोजायचे. माझं किती झालं ते विसरायचे, तिचं नाही. आठ, नऊ, आणि मनात म्हणायचे, दहावा राहू दे. दहावा व्हायचा. मग अकरावाही. तिचं वजन दर आठवड्याला थोडं चढायचं आणि ती वहीत लिहून मला दाखवायची, "बघा ताई!" लहान पोर प्रगतीपुस्तक दाखवतं तसं. मी "व्हय, छान" म्हणायचे. माझे सहा किलो तिसऱ्या आठवड्यातही सहाच होते.

गणपतीत तिला ताप आला. आठ दिवस ती झोपून होती. मी वर जाऊन तिला पेज करून दिली, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या, आणि आतून मला बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. आता हिचं सगळं गेलं, आता पुन्हा पहिल्यापासून. ती बरी होऊन आली तर मॅडमनी दोन चकत्या काढल्या आणि म्हणाल्या, "आठ दिवसांनी काही जात नसतं. पहिल्या दिवशी कमी करायचं, पुढच्या आठवड्यात जिथं होता तिथं." तसंच झालं. पुढच्या आठवड्यात ती होती तिथं आली. मीच मागं होते.

तेव्हा मी ते केलं.

तिच्या खोलीची एक किल्ली माझ्याकडं असते, दुपारी नळ आला तर तिचीही टाकी भरायला. मी मेसवरून तीनला येते, ती दुकानात असते. टीव्हीच्या फळीवर तिची वही होती. मी ती खाली आणली आणि एकेक प्रकार माझ्या वहीत उतरवून घेतला. चित्रं काढून, कारण काही नावं इंग्रजीत होती. दांडी कुठून आणायची? मग दहा किलोची पिठाची गोणी घेतली, तेलाचे पाच लिटरचे दोन कॅन पाण्यानं भरले. आणि दार लावून तिचे चारही दिवस मी घरी करायला लागले. माझे दोन दिवस सकाळी जिममध्ये, तिचे चार दिवस दुपारी घरात. दोघींचा व्यायाम एकटीनं. मला वाटलं, खरी ताकद तिच्या वहीत आहे. ती मला कुणी दिली नाही, तर मी घेते.

पहिले दहा दिवस बरं वाटलं. अंग दुखायचं, पण ते दुखणं मला आवडायचं, तिला मागं टाकल्यासारखं. मग नवरात्र बसलं. मी नऊ दिवस उपवास करते. जिममध्ये बायकांनी विचारलंच, उपवासात काय करायचं? मॅडम म्हणाल्या, "या दिवसांत वाढवू नका. आहे तेवढंच करा, नाहीतर कमी. चक्कर आली तर सरळ थांबा." जावेनं तिथल्या तिथं कमी केलं. मी मनात म्हटलं, हीच संधी. ती कमी करतेय, आता गाठते हिला. आणि भगरीवर नि दाण्याच्या आमटीवर दोन्ही व्यायाम चालू ठेवले.

पाचव्या माळेला मेसमध्ये मालकीणबाई फोनवर होत्या. वरण शिजून तयार होतं. मी फडकं घेतलं, पातेल्याचे काठ धरले आणि उचलायला गेले. श्रावणात मी ते असंच चोरून उचलून बघितलं होतं, तेव्हा चार बोटं तरी वर आलं होतं. आता ते हललंच नाही. खांद्यात मात्र कळ गेली. मी फडकं खाली ठेवलं आणि पोळ्या लाटायला बसले. दिवाळी तीन आठवड्यांवर आलेली. भट्टी जाणार, दोन हजार जाणार, आणि चोवीसशे कुठून फेडायचे? दोन महिने घालवून मी होते त्याहून मागं गेले होते.

दुसऱ्या दिवशी जिममध्ये सहा किलोचं डंबेल माझ्या हातातून सुटलं. कुणाला लागलं नाही, पण आवाजानं सगळ्या वळून बघायला लागल्या. मॅडमनी माझी वही घेतली. पुढची पानं चाळली. आकडे खाली खाली आलेले.

"मावशी, झोप होते का?"

"व्हय."

"जेवण? उपवास सोडून एरवी?"

"व्हय."

"घरी आणखी काही करता का? काही जड काम?"

"काय नाय."

मॅडमनी आणखी दोन पानं उलटली असती तर चित्रं दिसली असती. तेवढ्यात जाऊ तिकडून आली, टॉवेलनं मान पुसत, आणि म्हणाली, "मॅडम, मला एक विचारायचंय. समजा एखादीनं दोघींचा व्यायाम एकटीनं केला, रोज, सुट्टी न घेता, तर काय होईल?"

मॅडमनी वही मिटली. म्हणाल्या, "मग ती दमेल. ताकद व्यायाम करताना वाढत नाही, नंतर झोपताना, जेवताना वाढते. आणि कामाचंही धरायचं असतं. तुम्ही दिवसभर खुर्चीवर बसता म्हणून तुम्हाला चार दिवस दिलेत. मावशी रोज दीडशे पोळ्या लाटतात, चार तास उभ्या असतात, तो त्यांचा अर्धा व्यायाम झालेलाच असतो. म्हणून दोन दिवस. कमी म्हणून नाही दिले, पुरतात म्हणून दिलेत."

मला जमिनीनं गिळावं असं झालं. परत जाताना स्कूटी सिग्नलला थांबल्यावर जाऊ मान न वळवता म्हणाली, "ताई, वहीवर हळदीचा अंगठा उमटलाय. चोरायचंच होतं तर हात धुऊन तरी चोरायचं."

मी मागं बसल्या बसल्या अंगठा ओढणीला पुसला.

"शेवटच्या पानावर मी तुमच्या दिराला शिव्या लिहिल्यात. वाचल्या का?"

"नाय."

"वाचा की मग. लई भारी जमल्यात."

ती हसली. मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत होता, तरी हसत होती. मला हसू आलं नाही. माझी चोरी तिनं धरली, वर तीच हसून सोडून देते, आणि जे मी मॅडमना विचारू शकले नाही तेही तिनंच स्वतःच्या नावावर विचारून टाकलं. आता चांगलं वागायलासुद्धा तीच पुढं. त्या दिवशी तिच्या ताकदीचा हेवा वाटला नाही, तिच्या मनाचा वाटला. तो जास्त टोचला.

दसऱ्यापर्यंत मॅडमनी मला नुसतं चालायला लावलं. एक वजन उचलू दिलं नाही. मग चार किलोवरून सुरुवात. मला रडू येत होतं, सहावरून चारवर. त्या म्हणाल्या, "मागं येणं म्हणजे हरणं नव्हे, मावशी. उडी मारायच्या आधी माणूस मागं येतंच की." आणि म्हणाल्या, "मेसमधून एक रिकामं पातेलं आणता येईल का?"

आणलं. रिक्षात मांडीवर घेऊन. जिममध्ये गुडघ्याएवढ्या फळीवर ते ठेवलं आणि मॅडमनी आत टॉवेल अंथरून त्यावर चकत्या ठेवल्या. फडक्यानं काठ धरायचे, पोट आत, पातेलं अंगाजवळ, उचलून दोन पावलं, ठेवायचं. पाच वेळा, मग बसायचं, मग पुन्हा पाच.

आपा आरशातून बघत होती. "बाजी, आज खाने में क्या है?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आठ किलोचं वरण."

"नमक बराबर है ना?"

सगळ्या हसल्या. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यावर हसल्या. मी जावेकडं बघितलं. ती सगळ्यांत मोठ्यानं हसत होती. तेवढ्यापुरतं मला बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, हिला काय जातंय हसायला.

दर खेपेला एकच छोटी चकती वाढायची. घरी पिठाची गोणी पुन्हा डब्यात ओतली. दुपारी झोपायला लागले. अंडी मी खात नाही, म्हणून रोज वाटीभर हरभरे आणि दही. दिवाळी जवळ आली तेव्हा पातेल्यात पंधरा किलो होतं. वीसला अजून पाच कमी. मालकीणबाईंनी आचाऱ्याशी बोलणं सुरू केलं होतं, ते मी कानानं ऐकलं. तेव्हा मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"काय गं?"

"दिवाळीला पोरं गावी जातेत. मेस बंद राहती. उघडल्यावर आठ दिवस द्या मला."

"अन् आठ दिवसांत काय होणार?"

"चार चकत्या वाढतेल."

त्यांना काही कळलं नाही, पण म्हणाल्या, "बरं, आठ."

मेस उघडली त्याच्या सहाव्या दिवशी मी पातेलं उतरवलं. मालकीणबाई शेजारी हात पुढं करून उभ्या होत्या, पडलं तर धरायला. उचललं, दोन पावलं, ठेवलं. ठेवताना थोडं वरण ओट्यावर उडालं. त्या म्हणाल्या, "पुसून घे अन् तांदूळ चढव." एवढंच. त्या महिन्यापासून भट्टी माझी.

जावेच्या भावाच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. तिनं बिनबाह्यांचं ब्लाऊज घातलं होतं. खरंच छान दिसत होती. मांडवात बायका तिच्या दंडाला हात लावून विचारत होत्या, कुठल्या जिमला जाते, किती दिवस लागले, काय खाते. ती सांगत होती, तिला सांगायला आवडतं. मी खुर्चीवर बसून बघत होते. माझ्या ब्लाऊजच्या बाह्या कोपरापर्यंत. वीस किलोचं पातेलं उचलणारे हात त्यांत होते, पण ते कुणाला दिसणार? एका बाईनं मला विचारलं, "तुम्ही नाय का जात?" मी म्हटलं, "जाते." ती म्हणाली, "वाटत नाय." जाऊ ऐकत होती. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, आणि मी डोळ्यांनी तिला गप्प केलं. दर वेळी माझं तिनंच का बोलायचं?

पैसे मी महिन्याला चारशे देत गेले. ती दर वेळी म्हणायची, "राहू द्या ना ताई, घरातल्या घरात कसले पैशे." मी दर वेळी तिच्या उशाशी ठेवून यायचे. मधे एक महिना माझ्या मुलीच्या शाळेच्या फीमुळे दीडशेच जमले. तेव्हा मी चार दिवस वर गेलेच नाही, जिन्यावर तिची चाहूल लागली की आत जायचे. पुढच्या महिन्यात साडेसहाशे दिले.

शेवटचे चारशे काल दिले. ती चहा करत होती. मी म्हटलं, "मोज."

"ताई, कशाला..."

"मोज गं. माझ्यासमोर मोज."

तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि दोनशेच्या दोन नोटा एकीवर एक ठेवून मोजल्या.

"चोवीसशे झाले का?"

"झाले."

"काय राहिलं?"

"काय नाय, ताई. सगळे फिटले."